शालनताईंनी धरलेली जागा

शालनताईंच्या प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी वर्गात हजेरी घेत होते. "मावशी, आई गेली," एवढंच ती म्हणाली, आणि मी विचारलं, "कुठं?" अशा वेळी माणूस किती मूर्ख प्रश्न विचारतो... सकाळचा चहा करता करता शालनताई ओट्याशीच खाली बसल्या, त्या परत उठल्या नाहीत. हृदयविकाराचा झटका, असं डॉक्टरांनी सांगितलं. मुलांना पुस्तकं उघडायला लावून मी व्हरांड्यात येऊन उभी राहिले. खरं सांगते, रडू नंतर आलं, आधी स्वतःचाच विचार आला. येत्या रविवारी मी ताईंकडं जाणार होते. डाव्या काखेच्या जरा पुढं, छातीच्या कडेला मला एक गाठ लागली होती. हरभऱ्याएवढी, बोट लागलं की दुखणारी. घरात कुणाजवळ बोलले नव्हते. आधी ताईंना सांगायचं आणि मग त्या म्हणतील तसं करायचं, असं ठरवून मी निवांत होते. आता कुणाला सांगायचं, हे काही केल्या सुचेना.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी पेठ रोडच्या त्यांच्या कॉलनीतला विहार भरून गेला होता. वंदना झाली, चार माणसं चांगलं बोलली, जेवणं सुरू झाली आणि माझ्या शेजारी कुजबुज सुरू झाली. "त्यांना ती गाठ होती ना हो? तीच शेवटी..." मला असा संताप आला! हातातला घास ताटात ठेवून मी म्हणाले, "त्या गाठीचा आणि जाण्याचा काही एक संबंध नाही. ती साधी गाठ होती आणि त्यालाही आता कित्येक वर्षं झाली." त्या बायकांना काही पटल्यासारखं दिसलं नाही. गाठ म्हटलं की लोक माणसाला मनातल्या मनात पोचवूनच येतात. म्हणून खरं काय झालं होतं ते एकदा लिहून टाकते.

ताई आणि मी निफाडच्या बाजूला एकाच शाळेत शिक्षिका. त्या माझ्याहून बऱ्याच मोठ्या, पुढं रिटायरही झाल्या, पण त्याआधी वर्षानुवर्षं आम्ही निमाणीच्या स्टँडवरून एकत्र एसटीनं गेलो. गाडी लागली की दाराशी झुंबड. ताई त्या झुंबडीत पडायच्याच नाहीत. त्यांच्याकडं पुरुषांचा असतो तसा मोठा चौकडीचा रुमाल होता. बाहेरूनच खिडकीतून तो सीटवर टाकायचा आणि मग सावकाश, साडी सांभाळत चढायचं. एखादा गडी रुमाल बाजूला सारून बसायला लागला की ताईंचा वर्गातला आवाज निघे. "रुमाल दिसत नाही का? माणूस बसलाय तिथं!" तो माणूस म्हणजे बहुतेक वेळा मी असायचे, अजून रिक्षातून उतरायची. त्या रुमालाच्या जिवावर मी इतकी वर्षं बसून प्रवास केला.

त्यांची गाठ मला अशीच बसमध्ये कळली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला, ताई पुढच्या सीटच्या दांडीवर आपटल्या आणि "आई गं!" म्हणून अशा ओरडल्या की कंडक्टर धावत आला. तो गेल्यावर त्या हळू आवाजात म्हणाल्या, "छातीत गाठ आहे गं. पण काळजीचं काही नाही. दुखते ना! वाईट गाठ दुखत नसते." हे त्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे. आमच्याकडं बहुतेक बायकांना ते पाठ असतं आणि मलाही पाठ होतं. मग रोजचा कार्यक्रमच झाला. चांदोरीचा थांबा मागं पडला की पर्स छातीशी धरायची, पदराआड दोन बोटं घालायची आणि दाबून बघायचं. "दुखतंय गं," त्या समाधानानं म्हणायच्या. "चला, बरं झालं," मी म्हणायचे. दोन शिकल्यासवरल्या बाया, पोरांना विज्ञान शिकवणाऱ्या, दुखतंय म्हणून रोज खूश होत होतो.

एका शनिवारी मात्र ताई बसमध्ये बोलेचनात. बोटं पदराआड जात होती, परत येत होती. चेहरा पांढरा पडलेला. "आज दुखत नाहीये," त्या म्हणाल्या. "मंगल, आज अजिबात दुखत नाहीये!" सकाळची शाळा कशीबशी उरकली आणि दुपारी मी त्यांना कॉलेज रोडच्या एका डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेले. बाहेर ही गर्दी. मी पाणी आणायला उठले तर ताईंनी सवयीनं माझ्या खुर्चीवर रुमाल टाकला, आणि तेवढ्या भीतीतही एका सद्गृहस्थांना उठवलं. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "दिवसातून किती वेळा दाबून बघता?"

"येता-जाता," ताई म्हणाल्या. "तपासायला."

"एवढं कुणी तुमचा दंड दाबत बसलं तर तोही दुखेल. काल नाही का दाबलंत?"

"काल घरी पाहुणे होते, रजा घेतली होती. वेळच मिळाला नाही."

मला हसू आवरेना. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "दुखते म्हणून साधी आणि दुखत नाही म्हणून वाईट, असं ठरवता येत नाही. मलाही नुसत्या हातानं सांगता येत नाही, तर तुम्हाला बोटांनी कसं कळणार?" सोनोग्राफी केली. पाण्याची गाठ निघाली, पुढं आपोआप विरूनही गेली. विषय संपला.

ताईंच्या बाजूनं मात्र तो संपला नाही. इतके दिवस भीतीला औषध म्हणून आपण दुखणंच दाबत बसलो, याचा त्यांना मनस्वी राग आला होता, आणि तो राग त्यांनी कामाला लावला. शाळेत, विहारात, कुठंही बायका जमल्या की ताई बोलायच्या. "दाबत बसू नका. गाठ लागली, अजून पाळी येत असेल तर एक पाळी जाऊ द्या. तरी राहिली तर दाखवा. वाढायला लागली, कडक लागली, कातडी आत ओढली, बोंडातून काही आलं, तर पाळीचीसुद्धा वाट बघायची नाही. आणि पाळी गेलेल्या बाईनं लगेच जायचं. एकटीला भीती वाटते? मी येते." हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं. त्या खरंच जायच्या. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या विमलमावशींचीही गाठ दुखरीच होती. मावशी म्हणाल्या, "ताई, मला काय नाय झालं. द्राक्षाचा हंगाम सरू द्या, मग बघू. आता लय कामं हायेत." ताईंनी हंगाम सरू दिला नाही. मावशींची गाठ साधी नव्हती. ऑपरेशन झालं, केस गेले, परत आले, आणि पुण्यानुमोदनाला दारात उभ्या राहून सगळ्यात मोठ्यानं रडणाऱ्या त्याच होत्या. "मला हात धरून नेलं वो हिनं, अन् ही एकटीच गेली," असं म्हणत होत्या.

माझी पाळी कायमची बंद होऊन बरेच दिवस झाले. म्हणजे ताईंच्या हिशेबात मला वाट बघायची मुभाच नव्हती. तरी त्या गेल्यापासून मी रोज उद्यावर ढकलत होते. आधी त्यांचा कार्यक्रम होऊ दे, मग मुलांच्या चाचण्या होऊ देत... मावशींचा हंगाम आणि माझ्या चाचण्या, फरक काहीच नाही. आणि परवा आंघोळीनंतर आरशासमोर लक्षात आलं की माझी दोन बोटं नेमकी तिथं आहेत आणि मी मनात म्हणतेय, दुखतंय, चला, बरं झालं.

त्याच दुपारी प्रज्ञाकडं गेले आणि म्हणाले, "तुझ्या आईचा तो चौकडीचा रुमाल मला दे." तिनं कारण विचारलं नाही. "धुऊन देऊ का?" एवढंच म्हणाली. मी नको म्हटलं.

काल जाऊन आले. डॉक्टरीणबाई त्याच, आता केस पिकलेले. हात लावून बघितलं, सोनोग्राफी केली आणि म्हणाल्या, सुईनं थोडं काढून तपासायला पाठवू. पाठवलंय. रिपोर्ट यायचाय. काय येईल ते येवो, असं म्हणण्याइतकी मी धीट नाही. भीती वाटते, चांगलीच वाटते. पण आता घरी सगळ्यांना माहीत आहे आणि भीती सगळ्यांत वाटली गेली आहे. ताई असत्या तर हा रिपोर्ट आणायला त्याच गेल्या असत्या. त्यांची आठवण येते ती अशी, अगदी कामाच्या वेळी.

काल आत जायच्या आधी मी बाहेर बसले होते. गर्दी होतीच. शेजारच्या खुर्चीवर मी रुमाल टाकला होता. कशासाठी, ते मलाही सांगता आलं नसतं. तिथं कुणीतरी असल्यासारखं वाटत होतं, एवढंच. तेवढ्यात एक तरुण बाई समोर येऊन उभी राहिली, ओठ कोरडे पडलेले. "इथं कुणी बसलंय का?" तिनं विचारलं. माझ्या अगदी तोंडावर आलं होतं, हो म्हणून. पण मी रुमाल उचलला, घडी करून मांडीवर ठेवला.

"बसा," मी म्हणाले. "एकट्याच आलात?"

तिनं नुसती मान डोलावली. तिचा एक हात ओढणीखाली होता. मी त्या हाताकडं पाहिलं आणि म्हणाले, "दाबू नका."