आप्पांच्या विमानाचा तासाचा खर्च

आमच्या सात रस्ता चौकातल्या सीए ऑफिसात किस्से शोधावे लागत नाहीत, क्लायंटच घरून घेऊन येतात. पण मंद्रूपच्या आप्पांनी यंदा कहरच केला! डाळिंबाचा एक्स्पोर्ट जोरात, आणि धाकट्या भावाशी, तात्यांशी, बांधावरनं कोर्टात केस. "तात्यानं माझा बांध कोरला," हे त्यांचं कायमचं पालुपद. सरकारी मोजणीसुद्धा त्यांना मान्य नाही. तात्यांनी मोठी गाडी घेतली, तसे आप्पा ऑफिसात येऊन म्हणाले, "आपण इमान घेऊ! एक इंजिनवालं परवडतंय का दोन इंजिनवालं, तेवढं काढा."

माझ्या हातातला चहा शर्टावर सांडला.

*

विमान विकणारे साहेब पुण्याहून आले. टर्बोप्रॉप म्हणजे बाहेर पंखा, आत जेटसारखं इंजिन, असं त्यांनी समजावलं. आप्पांचा पहिला प्रश्न, "ॲव्हरेज किती देतंय?"

"सर, ह्याचा खर्च तासावर काढतात."

"आन् उभं असलं की?"

"तरी हँगरचं, म्हणजे विमान ठेवायच्या शेडचं भाडं, इन्शुरन्स, दोन पायलटांचे पगार चालूच."

"आयला! जागेवर बसून खातंय? ह्यो तर घरजावईच की!"

मग थोडं थांबून विचारलं, "दुसरा पायलट म्हंजे क्लीनर का?"

साहेबांनी पाणी मागितलं.

*

दोन इंजिनं म्हणजे ओव्हरहॉलही दोन. आप्पांना ते पटेचना. "बिगाड न्हाय तरी इंजिन खोलायचं?"

"उडण्याचे ठरलेले तास भरले की खोलायचंच, सर."

मी खर्चाचा आकडा लिहून पुढं सरकवला. आप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "एक शून्य जास्त पडलंय का?"

"नाही आप्पा, एक कमीच लिहिलंय. तुम्हाला बीपी आहे ना!"

*

एवढ्यात काकी आल्या, म्हणजे आप्पांच्या मंडळी. तात्यांच्या मुलीचं, सोनीचं लग्न दुसऱ्या दिवशी होतं.

"इमान घ्या न्हायतर रॉकेट घ्या," काकी सगळ्यांदेखत म्हणाल्या, "पर सोनीला तुमी खांद्यावर खेळवलंय. उद्या येणार हाय का न्हाय?"

"चोराच्या मांडवात मी पाय ठेवणार न्हाय!"

काकींच्या डोळ्याला पदर लागला. आम्ही सगळे कॉम्प्युटरमध्ये तोंड घालून बसलो. फार वाईट वाटलं.

*

लग्नाच्या दिवशी सकाळीच आप्पांनी मुद्दाम विमानाचा डेमो ठेवला. होटगी रोडच्या विमानतळावरून उडालो. आप्पा, काकी, साहेब आणि मी. माझा जीव मुठीत! आप्पा मात्र खुशीत. "मंद्रूपवरनं घ्या, आपलं रान बघू."

त्यांच्या वडलांनी बांधाच्या दोन टोकांना दोन कडुलिंब लावले होते. मध्ये डाळिंब आणि ऊस एवढे वाढलेले, की जमिनीवरून एका झाडापाशी उभं राहिलं तर दुसरं दिसत नाही. वरून दोन्ही दिसली. बांध पहिल्या झाडापासून सरळ निघाला होता आणि मध्येच पोट सुटल्यासारखा बाहेर आला होता. तात्यांच्या बाजूला! आप्पांच्या डाळिंबाच्या रांगा सरळ तात्यांच्या रानात शिरलेल्या.

मी हबकलो. काकींनी तोंडावर हात धरला.

"परत एकदा फिरवा," आप्पा हळूच म्हणाले.

परत फिरवलं. बांध तिथंच होता.

खाली उतरल्यावर साहेब हसत पुढं आले. "मग सर, काय ठरलं? एक इंजिन की दोन?"

आप्पांनी त्यांच्याकडं बघितलंच नाही. काकींकडं वळून म्हणाले, "अगं, सोनीच्या अक्षता कितीला हायत?"