घडीची स्टेपनी

आमच्या गाडीच्या स्टेपनीत हवा नव्हती, आणि ती नसणं हेच बरोबर होतं. ही गोष्ट बाबांना पटवून देण्याचा मी तीन वर्षं प्रयत्न केला. यश आलं नाही.

बाबा ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोत टायर विभागात होते. तिथे टायर तपासायची त्यांची एकच पद्धत होती. हातोडीचा ठोका मारायचा आणि कान द्यायचा. पुरेशा हवेचा टायर खणखणीत बोलतो, कमी हवेचा भद्द वाजतो. चाकांनंतर स्टेपनीलाही ठोका पडायचा. कमी हवेची स्टेपनी घेऊन एकही गाडी आपण डेपोबाहेर जाऊ दिली नाही, असं बाबा सांगत. डेपोतले चालकही तेच सांगत, फक्त त्यांचा सूर वेगळा असे. संध्याकाळी घरी आले की बाबा मोरीत बसून अर्ध्या लिंबाने हात घासत. साबणाने न निघणारं काळं लिंबाने निघतं. आमच्या घरात बाबा आले हे दाराच्या कडीआधी त्या वासावरून कळायचं.

निवृत्तीनंतर त्यांनी वर्तकनगरातल्या आमच्या ओळखीच्या डॉक्टरांची जुनी, परदेशी बनावटीची गाडी घेतली. डॉक्टरांनी तिला सीएनजी बसवून घेतला होता, त्यामुळे अर्धी डिकी टाकीने व्यापलेली. उरलेल्या जागेत जमिनीला एक उथळ खळगा होता आणि त्यात स्टेपनी. बाबांनी झाकण उचललं. लोखंडी रिमवर टायर आतल्या बाजूला दुमडून बसला होता, वाळलेल्या आमसुलासारखा. त्यांनी ठोका मारला. आवाजच आला नाही.

"मेलाय," बाबा म्हणाले.

मी एका दैनिकाच्या डेस्कवर काम करतो. छापलेलं वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही ही सवय. रिमवरची सूचनांची चिकटपट्टी चार भाषांत होती, त्यातली एक मला येत होती. टायर मुद्दाम घडीचा केलेला होता, जागा वाचावी म्हणून. पंक्चर झालं की तो आधी गाडीला बसवायचा, मग सोबतच्या छोट्या पंपाने हवा भरायची, आणि ताशी ऐंशीच्या आत चालवत पंक्चरवाल्यापर्यंत जायचं. मी हे बाबांना वाचून दाखवलं.

"म्हणजे रस्त्यात गाडी उभी करून पाहुण्याला जेवू घालायचं आणि मग कामाला लावायचं," ते म्हणाले. "तू तुझ्या बातम्या बघ. टायर मला शिकवू नको."

सोसायटीतल्या नव्या गाड्यांच्या बारीक स्टेपन्याही त्यांना मान्य नव्हत्या. त्यांना ते 'उपाशी चाक' म्हणत. पण उपाशी चाकात निदान हवा तरी असायची. आपल्या डिकीत हवेशिवायचं चाक आहे ही गोष्ट त्यांनी डेपोतल्या जुन्या मित्रांपासून लपवून ठेवली.

ताई, माझी मोठी बहीण, कल्याणला राहते. ती शाळेत शिकवते आणि घरीही तोच आवाज वापरते. बाबांनी चौऱ्याहत्तराव्या वर्षी सोसायटीच्या फाटकाचा खांब घासला, तेव्हा तिने फोन स्पीकरवर ठेवायला लावून निकाल दिला.

"दसऱ्याला इकडच्या विहारात कार्यक्रम आहे. तुम्ही गाडी घेऊन या. वाटेत काही झालं नाही तर गाडी राहील. काही झालं तर विकायची. बाबा, ऐकताय ना?"

"ऐकतोय."

"उद्या कुठे हायवेवर एकटे अडकलात तर मी शाळा सोडून येऊ का?"

"मी छत्तीस वर्षं अडकलेल्यांना सोडवलंय."

"तेव्हा तुम्ही चौऱ्याहत्तरचे नव्हता."

पुढचे आठ दिवस बाबा रोज खाली जाऊन गाडीला ठोके मारून येत.

दसऱ्याच्या सकाळी सोसायटीच्या आवारात सगळ्या गाड्या धुऊन उभ्या होत्या. झेंडूचे हार, बॉनेटवर कुंकवाची स्वस्तिकं, चाकाखाली लिंबं. आम्ही बौद्ध. आमच्या गाडीला हार नसतो, आम्हीच पांढरे कपडे घालून निघतो. पण डेपोत दसऱ्याला बाकीचे लोक बसना हार घालत तेव्हा बाबा बसच्या चाकांत हवा भरत, आणि तो नेम त्यांनी घरीही चालू ठेवला होता. मी आंघोळ करून खाली आलो तेव्हा त्यांच्या सदऱ्याच्या बाह्या वर होत्या, पायपंप बाहेर होता, आणि त्यांच्यासमोर एक पूर्ण फुगलेलं, रुंदीला थोडं कमी पण गोल चाक उभं होतं.

"बाबा, ही स्टेपनी?"

"ऐक." त्यांनी ठोका मारला. टायर खणखणीत बोलला. तीन वर्षांत बाबांचा चेहरा इतका मोकळा मी पाहिला नव्हता. "मुकं नव्हतं रे. उपाशी होतं."

शेजारच्या विंगमधला आयटीवाला तरुण आपल्या गाडीखाली चौथं लिंबू ठेवत होता. त्याने पाचवं पुढे केलं. "काका, तुम्ही मानत नाही माहितीये. पण एक ठेवा ना. आज लांब जाताय."

"लिंबू हाताला लावायचं असतं. टायरला नाही," बाबा म्हणाले.

आईने मात्र हात पुढे केला. "दे रे बाबा. सरबताला होईल." लिंबू तिच्या पिशवीत गेलं.

मग स्टेपनी परत ठेवायची वेळ आली. ती खळग्यात जाईना. आडवी करून जाईना, टाकीच्या वर ठेवून डिकी लागेना. आयटीवालाही मदतीला आला, त्याने फोनवर काहीतरी शोधलं आणि जे सापडलं ते बोलायचं टाळलं.

"हवा काढू या," मी म्हणालो.

"भरलेली हवा काढायची?" बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही. काढूनही उपयोग नव्हता. हवा गेली तरी तो टायर लगेच घडीवर येत नाही, त्याला दिवस लागतात. हेही चार भाषांत लिहिलेलं होतं.

शेवटी चाक मागच्या सीटवर बसलं. आईने त्याला जुनी चादर गुंडाळली, आणि ते वळणावर अंगावर येऊ नये म्हणून सीटबेल्ट लावला. शेजारी ती स्वतः, मांडीवर विहारासाठी केलेल्या खिरीचा डबा. पुढे बाबा आणि मी. फाटकाच्या खांबापासून बाबांनी गाडी हातभर लांब काढली.

माजिवड्यावरून आम्ही नाशिक हायवेला लागलो. बाबा डाव्या लेनमध्ये पन्नासने चालले होते आणि मागून येणारे टेम्पो आपलं मत हॉर्नवरून कळवत होते. राजनोलीच्या अलीकडे गाडी डावीकडे ओढायला लागली. बाबांनी रेडिओ बंद केला, काच खाली केली, थोडा वेळ ऐकलं.

"डावं मागचं," ते म्हणाले, आणि गाडी कडेला घेतली.

टायरमध्ये बोटभर लांबीचा खिळा होता. आम्ही तिघं पांढऱ्या कपड्यांत त्याच्याभोवती उभे राहिलो. कोणी ताईचं नाव काढलं नाही.

बाबांनी सदरा काढून गाडीच्या छतावर ठेवला आणि बनियनवर काम सुरू केलं. मी पुढे झालो तर म्हणाले, "तू ट्रॅफिक बघ." चार नट त्यांनी सोडवले. खरं तर ते बोल्ट होते, पण बाबा नटच म्हणतात. पाचवा हलेना. त्यांनी पाना लावला, जोर दिला, थांबले, पुन्हा दिला. त्यांच्या दंडाची शीर मला दिसत होती. मी ट्रॅफिक बघत राहिलो.

"अहो, बाजूला व्हा," आई म्हणाली. तिने खिरीचा डबा माझ्या हातात दिला, पांढऱ्या साडीच्या निऱ्या गुडघ्यापर्यंत उचलल्या, एक हात गाडीच्या टपावर ठेवला आणि दोन्ही पाय घेऊन पान्याच्या दांड्यावर उभी राहिली. क्षणभर काही झालं नाही. मग कर्रर्र आवाज होऊन ती एक वीत खाली आली. मागून जाणाऱ्या टेम्पोतल्या माणसाने टाळी वाजवली.

"वजनाला नावं ठेवता ना घरात," आई बाबांना म्हणाली.

त्यानंतर सगळं झटपट झालं. घडीची स्टेपनी आधीच फुगलेली असल्यामुळे छोट्या पंपाची गरजच पडली नाही. बाबांनी हे मला दोनदा सांगितलं. अडचण त्यानंतर आली. काढलेलं चाक ठेवायचं कुठे? ते स्टेपनीपेक्षाही रुंद, वर चिखल आणि काळं. खळगा घडीच्या टायरच्या मापाचा. म्हणजे बाबांनी सकाळी हवा भरली नसती तरी आता एक चाक मागच्या सीटवर बसणारच होतं.

"बघ," बाबा म्हणाले. "तुझ्या चिकटपट्टीवर हे लिहिलं होतं का?"

नव्हतं.

आईने त्या चाकाशेजारी बसायला साफ नकार दिला. ती डबा घेऊन पुढे गेली, मी मागे. बाबांनी हात पाहिले. मनगटापर्यंत काळे. आईने पिशवीतून लिंबू काढलं, दातांनी फोडलं आणि त्यांच्या हातावर पिळलं. ते सवयीने घासत राहिले, आधी तळवे, मग बोटांच्या बेचक्या, मग नखं. हात स्वच्छ झाले.

"त्या पोराला सांगू नका," ते म्हणाले.

राहिलेल्या वाटेत योजना ठरली. योजना माझी. खोटं बोलायचं नाही. विचारल्याशिवाय सांगायचंही नाही. डेस्कवर अशा बातमीला आम्ही 'उद्या बघू' म्हणतो. दुर्गाडीचा पूल ओलांडून आम्ही विहारापाशी आलो. बाबांनी गाडीची डावी बाजू कुंपणाच्या भिंतीला इतकी चिकटवून लावली की बारीक चाक दिसू नये. काढलेल्या चाकावर सकाळची चादर होतीच. बाबांनी सदरा चढवला. एक डाग नव्हता. माझ्या शर्टावर तीन होते. मी बॅग छातीशी धरली.

ताई दारातच उभी होती. "उशीर?"

"हळू आलो," बाबा म्हणाले. हे खरं होतं.

विहारात लोक उभे होते. आम्ही ताईच्या रांगेत गेलो, बाबा तिच्या शेजारी. त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. बाबांनी हात जोडून चेहऱ्यासमोर धरले. मी एका बाजूने पाहत होतो. तिसऱ्या शीलाच्या सुमारास ताईने मान किंचित वळवली. श्वास घेतला. पुन्हा घेतला. चौथं शील आलं, मुसावादा वेरमणी, खोटं बोलण्यापासून अलिप्त राहण्याचं. बाबा ते इतरांपेक्षा हळू आवाजात म्हणाले.

कार्यक्रम संपून खीर वाटायला सुरुवात झाली तशी ताई त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, हाताला लिंबाचा वास का येतोय?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या योजनेत या प्रश्नाची सोय नव्हती.

"पंक्चर," ते म्हणाले. "राजनोलीला."

ताईने वाटी खाली ठेवली आणि बाहेर गेली. आम्ही मागोमाग. भिंत आणि गाडी यांच्या फटीतून वाकून तिने चाक पाहिलं.

"हा एक पाय असा बारीक का?"

"तात्पुरता आहे. हवा बरोबर आहे." बाबांनी गाडीतून हातोडी काढली, पण फटीत हात जाईना.

"बदललं कोणी?"

"मी."

ताई आमच्याच घरात वाढलेली आहे. "नट कोणी सोडवले?"

आत कोणीतरी आणखी खीर मागत होतं. बाबा बराच वेळ हातोडीचा दांडा पुसत राहिले. 'मी' म्हणाले असते तर आम्ही दोघंही गप्प बसलो असतो, आणि हे त्यांना माहीत होतं.

"चार मी," ते म्हणाले. "पाचवा सुटेना. तो तुझ्या आईने सोडवला."

"आईने? कसा?"

"उभी राहिली त्याच्यावर," मी म्हणालो.

ताईने आईकडे पाहिलं, मग तिच्या साडीकडे. तिने मागची चादर उचलली आणि खाली बसलेला टायर, त्यातला खिळा, माझा शर्ट असं सगळं क्रमाने पाहिलं. ती हसू दाबत होती, पण तिला ते जमेना असं झालं होतं.

"गाडी राहू दे," ती शेवटी म्हणाली. "पण बाबा, आजपासून सिंगल ड्युटी बंद. वाहकाशिवाय गाडी डेपोबाहेर काढायची नाही."

"वाहक कोण?" आई म्हणाली. "मला विचारलंय का कोणी?"

"तू. पाना तुझ्याकडे राहील."

बाबांना हे आवडलं नव्हतं, हे त्यांच्या मानेवरून कळत होतं. पण डेपोत चालकाला वाहक असतोच. त्यात अपमान नसतो, ते वेळापत्रकात असतं. ते गाडीत बसले.

परतताना पंक्चरचं दुकान दसऱ्यामुळे बंद होतं, म्हणून बारीक चाकावरच ठाण्याला निघालो. आई पुढे, मांडीवर रिकामा डबा, पायाशी पाना. मी मागे, टायरच्या शेजारी. बाबांनी गाडी चालू केली आणि आरशात पाहत थांबले.

"कशाला थांबलात?" आईने विचारलं.

"वाहकाने बेल दिल्याशिवाय सोडत नाहीत."

आईने डब्याच्या झाकणावर दोनदा वाजवलं. गाडी सुटली.