चरकावरचे युसूफ वस्ताद

युसूफ वस्ताद पाळीवर आलेल्या माणसाला रामराम करत नसत. "काय खाल्लं?" असं विचारत. "जेवलो की," या उत्तरावर त्यांचं समाधान होत नसे. "भाजी कशाची हुती?" हा दुसरा प्रश्न लगेच यायचा, आणि उपाशी आलेला माणूस हमखास तिथं अडखळायचा. पहिल्या दिवशी मीही अडखळलो. पारनेरहून एसटीनं आलो होतो, पोटात चहाशिवाय काही नव्हतं. "वांग्याची," मी म्हणालो, पण जरा उशिरा. वस्तादांनी आपला डबा उघडून माझ्यापुढं सरकवला. "आदी हे खा. पाना मग उचल."

कालव्याच्या पट्ट्यातला तो साखर कारखाना. मी तिथं फिटर म्हणून लागलो तेव्हा युसूफ शेख चरकाचे, म्हणजे ऊस पिळणाऱ्या लोखंडी लाटांचे फोरमन होते. उंच, किडकिडीत, खाकी सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. चरकाच्या धडधडाटात वर्षं गेल्यामुळं घरातसुद्धा ओरडूनच बोलायचे. सगळे त्यांना वस्ताद म्हणत.

आम्हा कामगारांचं खाणं म्हणजे चहा, बिडी आणि कँटीनमधली भजी. भजी तळायचं तेल हंगाम सुरू होताना कढईत पडायचं आणि काळंकुट्ट झालं तरी बदलायचं नाही. आठ तास उभ्यानं काम करणारी माणसं त्यावर दिवस काढत. वस्ताद चिडायचे. "चहानं भूक मरत न्हाई रं, निस्ती गप बसती. आन गप बसलेली भूक लई वंगाळ." त्यांनी कँटीनवाल्याला मटकीची उसळ आणि भाकरी ठेवायला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "भजीच खपत्यात, वस्ताद." आमच्यातलेही काही जण हसले. कामावर येऊन उसळ कोण खाणार?

त्या साली पावसानं पाठ फिरवली. कालव्याला थोडं पाणी होतं म्हणून कारखाना चालला, पण घरोघरी रेशनची तांबडी मिलो ज्वारी आली आणि तीही पुरेना. माणसं आपली भाकरी पोरांसाठी ठेवून कामावर येऊ लागली. वस्तादांनी मग घरून हुलग्याच्या माडग्याचं, म्हणजे पिठाच्या पातळ पेजेचं, पातेलं आणायला सुरुवात केली. मुसलमानाच्या घरचं घ्यायला काहींनी कां-कूं केली. वस्ताद वाद घालत बसले नाहीत. हुलग्याचं पीठ आणि पातेलं त्यांनी आमच्या पाळीतल्या नामदेवच्या हाती दिलं. "तू शिजव. मंग तर पितील?" तेव्हापासून पाळी सुरू व्हायच्या आधी शेडमागं माडगं शिजायचं.

नामदेव आमच्या पारनेरकडचाच. दुष्काळामुळं बायकापोरं घेऊन आला होता आणि कारखान्यामागं खोप घालून राहत होता. त्याचं काम गव्हाणीवर. उसाच्या मोळ्या जिथून चरकाकडं सरकतात, तिथल्या पट्ट्यावर अडकलेला ऊस आकड्यानं मोकळा करायचा.

एका सकाळी मी पट्ट्याच्या शेजारी बोल्ट आवळत होतो. नामदेव डुलल्यासारखा झाला. मला वाटलं वाकतोय. तेवढ्यात तो उसावर आडवा पडला आणि उसाबरोबर पुढं सरकू लागला. मी ओरडलो, पण त्या आवाजात माझं मलाच ऐकू आलं नाही. वस्तादांनी पाहिलं. धावत जाऊन त्यांनी बटणावर मूठ मारली. पट्टा थांबला, चरक थांबला. नामदेव लाटांपासून हातभरावर होता.

आम्ही त्याला खाली आणला, तोंडावर पाणी मारलं. त्यानं डोळे उघडल्यावर वस्तादांनी हळू आवाजात विचारलं, "काय खाल्लं?"

नामदेव रडायलाच लागला. "माडगं घरी धाडलं, वस्ताद. कालचं बी. पोरं रडत्यात."

वस्ताद उठले. "आज उपाशी कोन कोन आलंय? खोटं बोलू नगा." एक हात वर गेला, मग दुसरा, आणि बघता बघता अर्ध्याहून जास्त पाळीनं हात वर केले. त्यांनीही आपलं माडगं पोरांसाठी घरी धाडलं होतं. वस्तादांनी स्टूल ओढलं आणि बटणापुढं बसले. "जेवल्याबिगर चरक चालू हुनार न्हाई."

चालू हंगामात चरक थांबवणं हा कारखान्यात सगळ्यात मोठा गुन्हा. चीफ इंजिनिअर धावत आले.

"वस्ताद, बंद का?"

"मानसं उपाशी हायत, साहेब."

"ते नंतर बघू. बाहेर गाड्या तुंबल्यात, रस आंबेल. बॉयलरला वाफ आवरत नाहीये!"

"वाफ सोडून देता यील. ह्याचा हात गेल्यावर कुटून आनायचा?"

बाहेर वाफ सुटल्याचा कर्कश आवाज सुरू झाला. गाडीवान फाटकाशी ओरडू लागले. आमचीच माणसं घाबरली. "चालू करा वस्ताद, आमच्या नोकऱ्या जातील," म्हणत एक जण बटणाकडं गेला. वस्तादांनी त्याचं मनगट धरलं. "तुजी जानार न्हाई. मी बसलोय ना हितं."

शेवटी चीफसाहेबांनी कँटीनवाल्याला हाक मारली. तो भज्यांची पाटी घेऊन आला. वस्तादांनी ती परत पाठवली. "रिकाम्या पोटात ह्ये तेल नगं." तोवर कॉलनीत बातमी गेली होती. वस्तादांची बायको आणि शेजारच्या बाया भाकरी, पिठलं, कांदे घेऊन आल्या. आम्ही थांबलेल्या चरकापुढं फरशीवर बसून जेवलो. कोणती भाकरी कुणाच्या घरची, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. नामदेवच्या पोरांसाठी वेगळं बांधून दिलं. "घरचं यगळं न्यायचं," वस्ताद त्याला म्हणाले, "पन हितलं हितंच खायचं." मग स्वतः जेवले, हात धुतले आणि बटण दाबलं.

पुढच्या आठवड्यापासून कँटीनमध्ये प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला उसळ-भाकरी मिळू लागली. भजी राहिली, पण खाणारे कमी झाले. वस्तादांना मात्र घरी बसवलं. चूक झाली असं लिहून दिलं तर परत घेऊ, असा निरोप आला. तो निरोप घेऊन मीच गेलो. दारात बसून ते हरभरे निवडत होते.

"दोन ओळींचा प्रश्न आहे, वस्ताद," मी म्हणालो. "कँटीन तर सुरू झालं. आता हट्ट कशाला?"

"हट्ट न्हाई, बेटा." पहिल्यांदाच ते ओरडून बोलले नाहीत. "मी चूक म्हनून लिवून दिलं, तर माज्या जागी जो यील तो बटनाला हात लावताना घाबरंल. मानूस पट्ट्यावर आसंल, आन ह्यो आदी साहेबाचा इचार करंल."

महिनाभरात ते आपल्या सासुरवाडीला, कोपरगावकडं निघून गेले. ट्रकमध्ये सामान चढवायला सगळी पाळी आली होती. भाभींनी आम्हाला चहा केला नाही. परात भरून शेंगा आणि गूळ बाहेर आणला. वस्ताद पुढं ड्रायव्हरशेजारी बसले आणि ट्रक हलला तरी ओरडून सांगत राहिले की पट्ट्याच्या साखळीला तेल कमी पडतंय, बघा.

त्यांच्या जागेवर काही वर्षांनी मी आलो. फोरमन म्हणून मी दोनदा चरक थांबवला. दोन्ही वेळा साहेब धावत आले, आधी पट्ट्यावरच्या माणसाकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं. लिहून द्या, असं मला कुणी म्हणालं नाही.