नगाऱ्याची शुद्धी

राजचिन्हांना वास असतो हे मला पुस्तकांतून कधी कळलं नव्हतं. कसबा पेठेतल्या आमच्या लहानशा संग्रहालयात एका जुन्या संस्थानच्या पेट्या उघडल्या, तेव्हा कळलं. छत्राच्या जरीखाली कसर लागली होती. राजावर ढाळायच्या चवरीचे पांढरे केस मुळाशी तेल आणि धूळ बसून पिवळे, चिकट झाले होते. ज्या काठीला गावात सोन्याचा राजदंड म्हणत, तिचा पत्रा एका ठिकाणी उचकटला होता. आत साधं लाकूड होतं, तेही पोखरलेलं. पेटीच्या तळाशी वाळलेली पाल.

तरी मी खूश होते, कारण हे संस्थान म्हणजे माझंच गाव. तिथल्या शाळेत शिकून, पुण्यात सरकारी वसतिगृहात राहून मी इतिहासात एम. ए. केलं. आमच्या घरात पदवी मिळवणारी मी पहिलीच. मुलाखतीत माझं इंग्रजी अडखळलं, तरी संग्रहालयाच्या संचालकांनी मला नोकरी दिली. त्यांना मी सर म्हणते. त्यांचे उपकार मी आजही विसरलेले नाही.

पेट्यांमधली एक वस्तू मी न पाहताच ओळखत होते. राज्याभिषेकाचा नगारा. राजा गादीवर बसला की पहिला ठोका याच्यावर पडायचा आणि तो पडेपर्यंत गावाच्या लेखी राजा झालेला नसायचा. नगाऱ्याचं तांब्याचं भांडं इथलंच, याच पेठेत घडवलेलं. हातोडीचे ठोके अजून माशाच्या खवल्यांसारखे दिसतात. कातडं मात्र गावात चढवलेलं. शेवटच्या राजाच्या वेळी ते माझ्या आजोबांनी चढवलं होतं.

ते काम कसं चाले हे वडिलांकडून ऐकलेलं. म्हशीचं कातडं अंगणातल्या कुंडात चुन्याच्या पाण्यात भिजत घालायचं, केस खरवडायचे, मग ओलं असतानाच भांड्यावर ताणून चामड्याच्या वाद्यांनी आवळायचं आणि सावलीत वाळू द्यायचं. घराला त्या कुंडाचा वास असे. आजोबांना त्याचं काही वाटत नसे. त्यांना किळस होती ती पुढच्या गोष्टीची. नगारा तयार झाला की वाड्यावरची माणसं त्याला पंचगव्य शिंपडून शुद्ध करत. त्या वेळी आजोबांना वेशीबाहेर उभं राहावं लागे. भांडं घडवणाऱ्याच्या हातांसाठी शुद्धी नव्हती, छत्राची जर विणणाऱ्याच्या नव्हती, फक्त आजोबांच्या हातांसाठी होती. पुढे धम्म स्वीकारल्यावर त्यांनी कुंड बुजवलं आणि त्या जागी कडुलिंब लावला.

माझे वडील एसटीच्या आगारातून निवृत्त झालेत. नगारा आलाय, या वस्तूंचं प्रदर्शन भरणार आहे, असं मी त्यांना फोनवर सांगितलं. म्हणाले, "उद्घाटनाला येतो. बापाच्या हाताचं काम हाय. एकदा बघून घेतो."

मी नगारा कोरड्या, मऊ ब्रशनं साफ केला. कातडं जुनं असूनही टणक होतं. बोटानं टिचकी मारली तर आत खोलवर घुमलं.

प्रदर्शनाआधी संस्थानचे वारस पाहणीला आले. चाळिशीचे, अतिशय सभ्य गृहस्थ, सोबत त्यांचे पुरोहित.

"सुंदर केलंय. कुणी साफ केला?"

"आमच्या मॅडमनी," सर कौतुकानं म्हणाले.

"अरे वा. आडनाव काय आपलं?"

मी सांगितलं.

"गाव?"

"आपलंच."

"अच्छा," ते म्हणाले, आणि नगाऱ्यावर ठेवलेला हात त्यांनी काढून खिशात घातला. मग सरांकडे वळले. "आमच्याकडे एक पद्धत आहे. नगारा हाताळला गेला की शुद्धी करून घेतो. काही विशेष नाही."

मी सरांना बाजूला घेतलं. "सर, हे कातडं ओलं करून चालणार नाही. सैल पडेल, सडेल."

"अहो, पाच मिनिटांचा विधी. वस्तू त्यांच्या आहेत. आणि तुम्ही मनाला लावून घेऊ नका, हे तुमच्याबद्दल नाहीच मुळी."

पुरोहितांनी वाटीत गोमूत्र, शेण, दूध, दही, तूप कालवलं. मला वाटलं होतं दर्भानं चार थेंब शिंपडतील. त्यांनी तळहातानं ते सगळं कातड्यावर चोपडलं, वाद्यांच्या गाठींपर्यंत. मग काचेची पेटी बंद झाली, किल्ली वारसांकडे गेली. "आता उद्घाटनापर्यंत कुणी हात लावायचा नाही," पुरोहित म्हणाले. "पुसायचंसुद्धा नाही. पुसलं की शुद्धी गेली."

काचेत दिवे होते. दिव्यांची ऊब होती. पुढे काय होणार हे मी वारसांना कितीदा तरी फोन करून सांगितलं, पण किल्ली आली नाही. आधी आंबूस वास आला, मग कुजका. पहारेकरी म्हणाला, "मॅडम, उंदीर मेलाय बहुतेक." सरांनी मोगऱ्याचा फवारा मारायला लावला. मोगरा आणि नासलेलं दूध यांचा तो मिसळलेला वास अजून माझ्या नाकात आहे. डबा उघडला तरी घास जाईना.

उद्घाटनाच्या सकाळी मी वडिलांना स्वारगेटहून घेऊन आले. त्यांनी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. दालनात पाहुणे नाकाला रुमाल लावून राजवैभवाबद्दलचं भाषण ऐकत होते. काच उघडली तशा माश्या कुठून आल्या कोण जाणे. कातड्यावर हिरवट बुरशीची साय धरली होती आणि मधोमध ते पोटासारखं खाली लोंबत होतं.

वारसांनी नगाऱ्याची काठी उचलली आणि ठोका दिला. धप्. ओलं पोतं आपटावं तसा.

"राजे अजून उठले नाहीत वाटतं," मागून एक म्हातारे पाहुणे म्हणाले.

दुसरा ठोकाही तसाच. वारसांचा चेहरा उतरला. सरांनी सावरून घ्यायला वडिलांची ओळख करून दिली. "यांच्या वडिलांनीच कातडं चढवलं होतं. काका, तुमच्याकडे अजून कुणी हे काम करतं का? नवं चढवून घेऊ. सन्मानानं बोलावू."

"नक्की, नक्की," वारस म्हणाले.

वडिलांनी विचारलं, "आन् मग? त्यालाबी शेण लावणार?"

वडील पुढे झाले. "अहो, हात नका लावू," असं पुरोहित म्हणेपर्यंत त्यांनी खिशातला धुतलेला रुमाल काढून कडेची एक गाठ पुसली होती. घाणीखाली वादीचा पीळ तसाच घट्ट होता. ते वाकून बघत राहिले.

"गाठ बापाचीच हाय," मला म्हणाले. मग सरांकडे वळून, "कातडं आता कोन चढवत न्हाई आमच्यात, साहेब. पोरगी लिवती. तिला लिवू द्या."

बिबवेवाडीला माझ्या घरी आल्यावर त्यांनी साबण लावून हात धुतले, वास घेतला, पुन्हा धुतले. "बापाच्या कुंडाला असला वास नव्हता," म्हणाले आणि जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी नगाऱ्याखालची पाटी नव्यानं लिहिली. भांडं तांब्याचं, कसबा पेठेत घडवलेलं. कातडं म्हशीचं, चढवणारे अमुक, म्हणजे आजोबांचं पूर्ण नाव. शेवटी एक ओळ: शुद्धीसाठी लावलेल्या पंचगव्यामुळे कातडं सडलं आहे.

सरांनी ती दोनदा वाचली. "शेवटचं वाक्य हवंच का? काळाच्या ओघात खराब झालं, असं लिहूया की."

सरांना मी तोवर कधी नाही म्हटलं नव्हतं.

"नाही सर. ते काढलं, तर लोक समजतील वास कातड्याचाच आहे."