देवीच्या गाड्यावरचं पाचवं पाकीट

मी माझ्या आईला नको होतो.

हे तिनंच सांगितलं. लॉकडाऊनमध्ये, शेवग्याच्या शेंगा मोडता मोडता.

आज सकाळी सव्वासातला आई गेली. म्हणून आता लिहितो.

तेव्हा माझी लेक आणि जावई साताऱ्यात आमच्याकडंच अडकले होते. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान बंद. आईनं लेकीला सरळ विचारलं, "तुझ्या गोळ्या हायत, का संपल्या?"

"कसल्या गं आज्जी?"

"पोर न व्हायच्या. दुकानं बंद, नवरा घरात. आमचं बी असंच झालतं. त्यातनंच तुझा बाप आला."

गोष्ट बहात्तरच्या दुष्काळानंतरची. आमचं गाव कवठे महांकाळच्या बाजूचं. गावात कॉलरा आला. एसटी थांबेना, बाजार बंद, शेजारच्या गावानं वाटेवर बाभळीचे काटे टाकले.

माझे वडील आणि चुलते दोघंही फौजेत. रजेवर आले आणि गावातच अडकले.

गावातल्या पाच बायका नर्सबाईंकडून गोळ्या घ्यायच्या. आई, माझी हौसाकाकू आणि आणखी तिघी. घरात कुणाला पत्ता नाही.

पण नर्सबाईंना कॉलऱ्याची ड्युटी शेजारच्या गावात लागली. आमच्याकडं टोचायला पुरुषांचं पथक यायचं. त्यांच्याकडं हे मागणार कोण?

काकूचं सगळ्यात अवघड होतं. तिसऱ्या बाळंतपणात ती मरता मरता वाचलेली. नर्सबाईंनी आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हिला चौथं झेपायचं नाही."

कॉलरा आला की आमच्याकडं मरीआईचा गाडा काढायचे. दीड हात लांबीचा, लाकडी. (मापाची सुताराच्या मुलाकडून खात्री करून घेतलीय.) त्यावर देवी, हिरवा खण, लिंबं, दहीभात. साथ हटेपर्यंत दर मंगळवारी भर दुपारी नवा गाडा शिवेवर ठेवायचा आणि मागं न बघता परतायचं.

गाड्यावरच्या वस्तूला कुणी हात लावत नाही. चोरसुद्धा नाही.

आईला वाटलं, ह्याहून पक्कं कपाट कुठलं?

शिवेवरच्या विहिरीत पावडर टाकायला नर्सबाई रोज दुपारी यायच्या, हे तिला माहीत होतं.

पहिल्या मंगळवारी आईनं अंगात आल्याचं सोंग केलं. केस सोडले, घुमली, म्हणाली, "म्होरच्या मंगळवारी गाडा ठिवला की हिनं एकटीनं यून मला पानी घालावं."

गाव कबूल झालं.

त्या दिवशीच्या गाड्यावर खणाखाली तिनं गोळ्यांची पाच रिकामी पाकिटं ठेवली होती, कोपरा बाहेर दिसेल अशी. चांदीचा कागद उन्हात चमकला आणि नर्सबाईंना काय ते कळलं.

दुसऱ्या मंगळवारी परत सोंग करायचं ठरलं होतं.

"केस सोडल्याचं ठावं हाय," आई म्हणायची. "फुडचं काय बी ठावं न्हाई. काय बोलले ते मागनं गावानं सांगितलं."

पुढचं गावाला ठाऊक आहे. मी तिघा म्हाताऱ्यांना वेगवेगळं बसवून विचारलं. तिघांनी तेच सांगितलं.

आई घुमली नाही. ताठ उभी राहिली. डोळे उघडे. आणि दुसऱ्याच आवाजात, सावकाश म्हणाली,

"ह्यातलं एक माझं."

गावाला वाटलं, कोंबडं मागतेय.

गाडा शिवेवर ठेवून सगळे परतले. मग आई एकटी पाणी घेऊन गेली.

टळटळीत ऊन. माणूस नाही, कुत्रं नाही, झाडावर पाखरू नाही. आदल्या मंगळवारच्या गाड्यावर, खणाखाली नर्सबाईंचा रुमाल, घट्ट गाठ मारलेला. सोडायला दात लावावे लागले.

आत चार पाकिटं.

नर्सबाई रिटायर होऊन आष्ट्याला राहिल्या. मी मुद्दाम तिथं गेलो. त्या म्हणाल्या, "पाच होती. मोजून बांधली. गाठ बसेपर्यंत हात काढला नाही मी."

मी सातवी पास. रिवाइंडिंग कुणी शिकवलं नाही, जळक्या मोटारी उलगडून शिकलो. तारेचा एक वेढा कमी पडला तर कुठं पडला ते मी बोट ठेवून दाखवतो.

हे पाचवं कुठं गेलं, ते मला आजवर सापडलेलं नाही.

नर्सबाई मोजायला चुकल्या, असं धरतो. मग गाठ सोडायच्या आधीच आई तसं का बोलली?

तिघींना तीन पाकिटं दिली. उरलं एक. आणि जावा दोघी.

"आक्का, तू घे," काकू म्हणाली. "मी बघीन माझं."

"तू बघशील. आन् तुझी तीन पोरं कुणाकडं बघत्याल?"

"आन् तुला दिवस गेलं तर?"

"मला काय हुतंय? मी शेळीगत बाळंत हुते."

काकूनं पाकीट घेतलं. त्याच महिन्यात आईला दिवस गेले.

गाव उघडल्यावर नर्सबाई म्हणाल्या, मिरजेला नेऊन मोकळी करते. आई नाही म्हणाली. "जिनं मागितलंय, तिचं मी कोण पाडनार?"

म्हणजे आईच्या लेखी मी देवीचा होतो. सांभाळायला ठेवलेला.

लहानपणी दर मंगळवारी भर दुपारी ती मला हाताला धरून उंबऱ्यात बसायची. वाटेकडं बघत राहायची. मला वाटायचं, कुणी पाहुणा यायचा असेल.

तिचा हात गार असायचा. वैशाखातसुद्धा.

हे सगळं ऐकल्यावर मी विचारलं, "आई, अजून येईल असं वाटतं?"

"यीना का," ती म्हणाली. "मी हाय तवर न्हाई देत."

आज काकू गावाकडनं आली. पंच्याऐंशी वर्षांची. कुणाचा आधार न घेता आईच्या उशाशी बसली आणि तिच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"आक्का, तुझ्या वाटणीवर मी एवढी वर्सं काढली. कवा बोलले न्हाई. आज बोलते."

मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आता तू घाबरू नगंस."

मी घाबरलेलो नव्हतो. म्हणजे तोपर्यंत नव्हतो.

आई, माझी पन्नाशी उलटली. अजून कुणी न्यायला आलेलं नाही. आलंच, तर माझं मी बघेन.

तू आता वाटेकडं बघू नकोस. निवांत जा.

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.