पत्रिकेतून गळलेला काका

मी जालन्यात एका हायस्कुलात मराठी शिकवतो. दरवर्षी दहावीला पत्रलेखन येतं आणि त्यातलं दिलगिरीचं पत्र मी फार मन लावून शिकवतो. चूक आधी कबूल करायची, कारणं नंतर सांगायची, आणि कारणांनी चुकीपेक्षा जास्त जागा खायची नाही, असं फळ्यावर लिहून देतो. पोरं मुकाट्याने उतरवून घेतात. असलं एक पत्र सर स्वतः अकरा वर्षं लिहायचं टाळतायत, हे त्यांना कळलं असतं तर खडूसकट मला वर्गाबाहेर काढलं असतं.

प्रकरण माझ्या लग्नाच्या पत्रिकेचं. घरात शिकलेला मी एकटाच, त्यामुळे मजकूर मी लिहिला. जालन्यातल्याच मस्तगड भागातल्या एका छापखान्यात तो घेऊन गेलो. छापखानेवाल्याने कागद उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "सर, एक ओळ जास्त होऊन राह्यली. एक तर तुमच्या डिग्र्या काढा, न्हाईतर एखादा नातेवाईक काढा."

माझ्या नावापुढे एम. ए. (मराठी), बी. एड. असं होतं आणि त्याखाली गावच्या वाचनालयाचं उपाध्यक्षपद होतं. त्या वाचनालयात तेव्हा एक कपाट होतं आणि त्याची किल्ली हरवलेली होती. तरी उपाध्यक्षपद काढायला माझा हात धजेना. निमंत्रकांच्या यादीत अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, खाली माझ्या सख्ख्या काकाचं नाव होतं. मी विचार केला, काका घरचाच माणूस, समजून घेईल. डिग्र्या काही घरच्या नाहीत. आणि मी काकाच्या नावावर काट मारली.

लग्न भोकरदनला, मुलीकडे होतं. आमचं गाव बदनापूरजवळ. वऱ्हाडाच्या दोन गाड्या गेल्या, आणि काका काही आला नाही. काकू आली नाही, त्यांची सात-आठ वर्षांची पोरगी आली नाही. अण्णा अक्षता पडेपर्यंत मांडवाच्या दाराकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी ते काकाच्या घरावरून गेले तेव्हा काकाने तोंड फिरवलं. अण्णाही हट्टाला पेटले. सख्ख्या पुतण्याच्या लग्नाला आला नाही आणि वर तोंड फिरवतो, मग मी कामून बोलू? झालं. दोन भाऊ एकमेकांशी बोलायचे बंद झाले ते झालेच.

भावकीने कारण शोधायला वेळ लावला नाही. पत्रिकेत धाकट्याचं नावच नाही! थोरल्याने मुद्दाम गाळलं! अण्णांना पत्रिकेतली चूक तेव्हा कळली. त्यांनी सगळा दोष छापखान्यावर ढकलला आणि मला विचारलं, "तू दिलेल्या कागदात नाव व्हतं ना?" मी म्हणालो, "होतं की." खोटं नव्हतं. कागदात होतंच. काट मारायच्या आधी होतं.

अकरा वर्षं मी मूग गिळून बसलो. सांगावं तर अण्णा काय म्हणतील, आणि न सांगावं तर जेवताना घास अडकतो. खरं सांगायचं तर घास फार दिवस अडकला नाही. माझ्या वजनाकडे पाहून ते कोणालाही कळेल. पण आई गेल्यावर अण्णा माझ्याकडे जालन्याला राहायला आले आणि मग सारखंच आठवायला लागलं, कारण ते येताना सोबत एक पितळी हंडा घेऊन आले. पोत्यात गुंडाळलेला तो हंडा त्यांनी पलंगाखाली सरकवला. मी विचारलं तर म्हणाले, "पाण्यासाठी." आमच्याकडे नळ होता, टाकी होती, फिल्टर होता. बायकोने मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं की हा हंडा त्यांनी काकाच्या पोरीसाठी, ती रांगत होती तेव्हाच, घेऊन ठेवलाय. तिच्या लग्नात द्यायला. तिला ते आईने सांगितलं होतं.

आणि यंदा तिचं लग्न ठरलं. ही बातमी अण्णांना गावच्या एसटीच्या कंडक्टरकडून कळली. घरी येऊन त्यांनी हंडा बाहेर काढला, चिंच लावून घासला, आणि परत पोत्यात बांधून ठेवला. कोणी बोलावणारच नव्हतं. चार दिवस त्यांनी जेवणाला नावं ठेवली नाहीत, तेव्हा मला खरी काळजी वाटायला लागली.

त्यांचं मन रमवावं म्हणून रविवारी मी त्यांना सिनेमाला घेऊन गेलो. तीनचा खेळ, जुनं थेटर, हिंदी सिनेमा, मारामारी आणि कॉमेडी. असले सिनेमे मी पाहत नाही. म्हणजे पाहतो, पण स्टाफरूममध्ये पाहत नाही असं सांगतो. पोस्टरवर दोन खानदानं एकमेकांकडे डोळे वटारून उभी होती आणि मध्ये हिरो कढई घेऊन. अण्णांसाठी याहून वाईट विषय शोधूनही सापडला नसता, हे मला तिकिटं काढल्यावर लक्षात आलं. एम. ए. चा उपयोग हा असा होतो.

सिनेमात दोन हलवायांची घराणी होती. एकाच्या आजोबाने दुसऱ्याच्या आजोबाची कढई पळवलेली, त्यावरून तीन पिढ्या हाणामाऱ्या. माणसं हवेत उडून पाकात पडत होती. अण्णा हसत नव्हते. मी मात्र सगळ्यांत मोठ्याने हसत होतो, इतका की तीन रांगा पुढून एका माणसाने वळून पाहिलं. तो काका होता. शेजारी काकू, पलीकडे पोरगी, आणि पायाशी कापडाच्या पिशव्यांचा ढीग. बस्ता बांधायला जालन्याला आलेले लोक, दमून थेटरात बसले होते. मी तोंडावर हात ठेवला, पण हसणं ओळखू आलेलंच होतं.

तेवढ्यात पडद्यावर एक म्हातारी हिरोला म्हणाली की एकाने खरं बोलावं, दोन घरं वाचतात. हे सरळ माझ्याकडे बघून म्हटल्यासारखं मला वाटलं. छाती भरून आली. आज आपण खरं सांगायचं, काकाच्या पायावर डोकं ठेवायचं, दोन भावांना एकत्र आणायचं! मागे बासरी वगैरे वाजेल असंही मला वाटलं असावं.

इंटरव्हलला मी अण्णांना बसवून समोसे आणायला उठलो. रांगेत काका उभा होताच. मी त्याच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो आणि अकरा वर्षं मनात घोटलेलं पत्र सुरू केलं.

"काका, माझ्या हातून एक अक्षम्य प्रमाद घडला आहे."

"काय घडलं?"

"पत्रिकेतून तुमचं नाव अण्णांनी काढलं नव्हतं. छापखान्यानेही नाही. मी काढलं. माझ्या डिग्र्यांसाठी जागा पुरत नव्हती म्हणून. तुमचं आणि अण्णांचं जे काही झालं ते माझ्यामुळे झालं. मला काय शिक्षा द्यायची ती द्या."

काका म्हणाला, "कोणती पत्रिका?"

"माझ्या लग्नाची."

"ती म्या कुठं वाचली? तव्हा मला चष्मा व्हता का?" तो रांगेत एक पाऊल पुढे सरकला. "नाव न्हाई म्हणून लोकं सांगत व्हते नंतर. असंल नसंल. नावाला काय करायचं? तुझा बाप मला बोलवायला आला न्हाई, म्हून म्या आलो न्हाई."

काकाचा आवाज एकदम खाली आला.

"सकाळपासून फेटा बांधून बसलो व्हतो वट्ट्यावर. तुझी काकू पैठणी नेसून. पोरीला नवा फ्राक घातल्ता. म्हटलं थोरला भाऊ हाये, येईल, चल म्हणंल. सख्ख्या भावाला एवढं तर म्हणंल का न्हाई? तुमची गाडी माझ्या दारावरून गेली. हॉर्न वाजवत गेली. पोरगी टाटा करून राह्यली व्हती गाडीला."

त्याने दोन समोसे घेतले आणि निघून गेला. मी तिथेच उभा. मला वाईट वाटलंच, पण आधी जे वाटलं ते सांगायची लाज वाटते. मला अपमान वाटला. अकरा वर्षं मी ज्या पापाचा धनी म्हणून मिरवत होतो, त्या पापाची कोणी दखलच घेतली नव्हती. आमच्या घरातल्या भांडणाशी माझा काडीचाही संबंध नव्हता. त्यातही मी आपलं नाव डिग्र्यांसकट घुसवून घेतलं होतं.

समोसे घेऊन अण्णांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. डिग्र्यांचंही सांगितलं, ते त्यांनी ऐकल्यासारखं दिसलं नाही. "फेटा बांधून बसला व्हता?" एवढंच विचारलं. मी हो म्हणालो. पोरीने गाडीला टाटा केल्याचं मी दोनदा सांगितलं, कारण त्यांनी दोनदा विचारलं.

दिवे गेले, सिनेमा परत सुरू झाला. अण्णा उठले. मला वाटलं लघवीला चालले. ते अंधारात खुर्च्यांच्या पाठी धरत, लोकांचे पाय तुडवत, तीन रांगा खाली उतरले आणि काकाच्या समोर जाऊन उभे राहिले. पडद्यावर दोन्ही खानदानांची मारामारी चालू होती आणि तिच्या मधोमध अण्णांच्या टोपीची सावली.

"ओ बाबा, खाली बसा ना!" मागून कोणीतरी ओरडलं.

अण्णा बसले नाहीत. "म्या मागं वळून पाह्यलं न्हाई रं धाकल्या," ते म्हणाले, आणि थेटरात ते सगळ्यांना ऐकू गेलं, कारण अण्णांना हळू बोलता येत नाही. "मला वाटलं तू मागल्या गाडीत हायेस."

काकाने हातातला समोसा काकूकडे दिला.

"भोकरदन येस्तोवर मी नवरदेवाला सांगत व्हतो, धाकला मागल्या गाडीत हाये, त्याला म्होरं बसवायला पाह्यजेल व्हतं. चुकलं माझं. घरी यायला पाह्यजेल व्हतं." मग त्यांनी हात पुढे केला. "चल. बोलवायला आलो."

"कुठं, दादा?" काकाने विचारलं.

अण्णांनी एवढा विचार केलेला नव्हता. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. "तिकडं. माझ्याजवळ खुर्ची रिकामी हाये."

ती खुर्ची माझी होती. काका उठला आणि दोघे हात धरून वर आले. मी उठलो आणि काकूशेजारी जाऊन बसलो. उरलेला सिनेमा मी बस्त्याच्या पिशव्या मांडीवर घेऊन पाहिला. म्हणजे पडद्याकडे तोंड केलं होतं. डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि नेमकी तेव्हाच पडद्यावर माणसं पाकात पडत होती, म्हणून काकूला वाटलं मी हसतोय. "लई आवडला का रं तुला?" तिने विचारलं. मी मान डोलावली. मागून दोन म्हाताऱ्यांच्या हसण्याचा आवाज येत होता, नको त्या जागी.

पंधरा दिवसांनी लग्नपत्रिकेचा छापायच्या आधीचा नमुना माझ्याकडे आला. काकाने पाठवला होता. मास्तर हाये, तपासून दे, असा निरोप. मी चार वेळा वाचला. सगळ्यांत वर अण्णांचं नाव होतं. भावकीतलं एकूण एक नाव होतं, माझ्या बायकोचं होतं, खाली छोट्या अक्षरांत माझी दोन्ही पोरं होती. मी नव्हतो. पाचव्यांदा वाचला, तरी नव्हतो. काका चुकला असेल का ठरवून केलं असेल, ते काही कळेना. मी लाल पेन घेतला, बराच वेळ धरून बसलो, आणि खाली लिहिलं, "बरोबर आहे." सही केली. सहीपुढे काही लिहिलं नाही.

लग्न बदनापूरला कार्यालयात होतं. अण्णा दोन दिवस आधीच गेले, जीपमध्ये हंडा मांडीवर घेऊन. बायको-पोरं त्यांच्याबरोबर. मी शाळेचं कारण सांगून मागे राहिलो. लग्नाच्या दिवशी शाळा नव्हती, हे बायकोला बरोबर माहीत होतं.

सकाळी आठला तयार होऊन खुर्चीत बसलो. नवा शर्ट, कडक इस्त्री. नऊ वाजले. मोबाइल चार्ज आहे का पाहिला. रस्त्यावर गाडी वाजली की गॅलरीत जाऊन यायचो. आपण होऊन जायला काय झालं होतं? मराठी शिकवणारा माणूस, अर्ध्या तासाचा रस्ता, कोण अडवतंय? पण पाय उचलत नव्हता. मग मला तो ओटा आठवला, फेटा आठवला, आणि नव्या फ्रॉकातली पोरगी. मी तासभर बसलो होतो. तो दिवसभर बसला असेल.

दहाच्या सुमाराला खालून हॉर्न वाजला, आणि वाजतच राहिला. दार उघडलं तर काका जिना चढून वर येत होता. नवरीचा बाप, ऐन लग्नाच्या दिवशी, नव्या फेट्यात, धापा टाकत.

"काका, तुम्ही कशाला आलात? तिकडं कामं..."

"पत्रिकेत तुझं नाव न्हाई म्हणं," तो म्हणाला. "आज सकाळी तुझी काकू वाचून राह्यली व्हती. कोणी तपासली व्हती?"

"मी."

त्याने माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं, रिकाम्या घराकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं असावं.

"चल," तो म्हणाला. "बोलवायला आलो. आन् म्होरं बस, माझ्याजवळ. मागं बसलास तर दिसत न्हाई कोणाला."