लिंबाची वकिली

आमच्या नंदुरबारात उद्यान मंडळ निघालं तेव्हा गावात उद्यान नव्हतंच. आधी मंडळ झालं, मग अध्यक्ष झाले, मग अध्यक्षांच्या खुर्चीला गादी शिवून झाली, आणि मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की एखादी बागही लागेल. अध्यक्ष होते एक रावसाहेब. मामलेदारीतून निवृत्त झालेले. पण ही बातमी त्यांना अजून कुणी सांगितली नसावी असं त्यांचं वागणं. त्यांनी म्युनिसिपालिटीकडून स्टेशनच्या रस्त्यावरची एक पडीक जागा मिळवली. जागेत एक विहीर, थोड्या बाभळी आणि मधोमध एक थोरला कडुलिंब होता.

त्या लिंबावरूनच सगळं झालं, म्हणून त्याचं आधी सांगते. आमच्या खानदेशात अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लग्न झालेल्या मुली माहेरी येतात. एरवी सुनेला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू न देणारी सासूसुद्धा अखाजीला तिला धाडते, नाहीतर चार घरी तोंड दाखवायची सोय राहत नाही. मुली झाडांना झोके बांधतात, झोक्यावर गाणी म्हणतात आणि गाण्यातून सासू, नणंद, नवरा, सगळ्यांचा यथेच्छ उद्धार करतात. तेवढे दिवस त्यांना कुणी हटकत नाही. आमच्या बाजूच्या मुलींचे झोके त्या लिंबाला असत. माझ्या मुलीचं लग्न त्याच वर्षी मार्गशीर्षात झालं होतं. अमळनेरला दिली होती, घर मोठं आणि कडक. पहिल्या अखाजीला ती येणार होती, आणि संक्रांतीपासूनच तिचे निरोप सुरू होते की लिंबाची मोठी फांदी माझी, तिथे दुसऱ्या कुणाला दोर टाकू द्यायचा नाही.

आणि रावसाहेबांना हवी होती हिरवळ. धुळ्याला कलेक्टरांच्या बंगल्यापुढे त्यांनी ती एकदा पाहिली होती, तेव्हापासून त्यांना झोप नव्हती. सावलीत गवत वाढत नाही, लिंबाचा पाला पडतो, लिंबोळ्या पडतात, कावळे घाण करतात. तेव्हा लिंब काढायचा. मंडळात जिनिंगवाले शेटजी होते, डॉक्टर होते, शाळेचे हेडमास्तर होते. सगळे शिकलेसवरलेले. पण रावसाहेब शिंकले तरी हे लोक माना डोलावणार. मी तिथे होते ती आमच्या वकीलसाहेबांना वेळ नव्हता म्हणून. बदली माणूस. ‘वकिलीणबाई, तुम्ही नुसत्या या,’ असं मला सांगितलेलं होतं.

मला नुसतं बसता येत नाही. मी म्हटलं, वैशाखात जिथे गुरांच्या तोंडाला ओला चारा लागत नाही, तिथे कसली डोंबलाची हिरवळ? आणि ज्या दिवशी कुऱ्हाड आणाल त्या दिवशी मी विळी घेऊन लिंबाखाली भाजी चिरत बसेन, मग माझ्यासकट तोडा. हेडमास्तर छताकडे पाहू लागले. रावसाहेब मात्र रागावले नाहीत. उलट पुढच्या बैठकीत त्यांनी फार गोड बोलून तोड काढली. फाल्गुनात पुण्याला अखिल भारतीय उद्यान संमेलन आहे, तिथे मोठमोठे जाणकार जमतात, आपल्या मंडळाचा प्रतिनिधी म्हणून वकिलीणबाईंनी जावं, लिंबाचा प्रश्न तिथे मांडावा, आणि संमेलन सांगेल ते आपण सगळ्यांनी मान्य करावं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

धाकट्या दिरांना सोबत घेऊन मी निघाले. जळगावला गाडी बदलली, कल्याणला बदलली, आणि अंगावर सगळीकडचा कोळसा घेऊन पुण्यात उतरले.

काय ते संमेलन! मांडवाला फुलांच्या कमानी, आत कोचांच्या रांगा, आणि कोचांवर अशी माणसं की ज्यांच्या नखात जन्मात माती गेली नसेल. संस्थानिकांच्या राण्या होत्या, साहेबांच्या मडमा होत्या, आणि मडमांपेक्षा जास्त मडमा झालेल्या आपल्या बाया होत्या. एकीने गुलाबाचं एकच फूल पाठवलं होतं, त्याच्यासोबत दोन माळी आले होते, आणि बक्षीस बाईंना मिळालं. बाई म्हणाल्या, बागकामात श्रम फार. दोन्ही माळी मागे हात बांधून उभे होते.

भाषणं इंग्रजीत. मला इंग्रजी समजत नव्हतं असं नाही, वकिलाच्या घरात राहून तेवढं कानावर पडतंच. पण समजलं तेव्हा वाटलं, न समजतं तर बरं होतं. एका गृहस्थांनी हिरवळीला दिवसातून दोनदा पाणी कसं द्यावं यावर तासभर सांगितलं. आमच्याकडे चैत्र लागला की बाया पहाटेपासून विहिरीवर हंडे लावून बसतात. ते हंडे त्यांना कुणीतरी दाखवायला हवे होते.

माझ्या छातीवर गावाच्या नावाचा बिल्ला होता. तो वाचून शेजारच्या बाईंनी विचारलं, हे गुजराथेत येतं का? मी म्हटलं, जवळपास. तिथे काय फुलतं? मी म्हटलं, मिरची. बाई हसल्या, म्हणाल्या, नाही, मी फुलांबद्दल विचारते आहे. मी सांगितलं की मिरचीलाही आधी फूलच येतं. त्यानंतर त्या शेवटपर्यंत दुसऱ्या कोचावर बसल्या.

प्रश्न मांडायची वेळ आली ती शेवटच्या दिवशी, जेवणं झाल्यावर, अर्धा मांडव पेंगत असताना. मी उभी राहिले, मराठीतच बोलले. जागा सांगितली, ऊन सांगितलं, विहीर कधी आटते ते सांगितलं, आणि अखाजीचंही सांगितलं. अखाजीचं सांगताना पुढच्या रांगेत दोघी-तिघी पदराआड हसल्या. मला असा संताप आला की वाटलं, बिल्ला तिथेच काढून टाकावा आणि चालू पडावं.

तेवढ्यात व्यासपीठावरचे एक म्हातारे पारशी गृहस्थ सावरून बसले. सरकारी बागांवर त्यांनी हयात घालवली होती. हे दोन दिवस डुलक्याच काढत असल्यामुळे त्यांनाही मी इतरांच्या पंक्तीला बसवून टाकलं होतं. त्यांनी मला जवळ बोलावलं. लिंब किती जुना, खोडाचा घेर केवढा, आजूबाजूला दुसरी सावली आहे का, असं नीट विचारून घेतलं. मला गुजराती येतं म्हटल्यावर ते खूश झाले.

“झाड रहेवा दो, बेन,” ते म्हणाले. “लॉन तो मरी जशे.”

मग झाड राहू द्या, हिरवळ काही जगायची नाही, हेच त्यांनी सगळ्यांसमोर इंग्रजीत सांगितलं, आणि वर म्हणाले की कोरड्या मुलखात गवतासाठी मोठा लिंब तोडणाऱ्याच्या हाती बाग देऊच नये. पुढच्या रांगेतलं हसू बंद झालं. परतीच्या गाडीत मी दिरांना ते वाक्य इतक्यांदा ऐकवलं की शेवटी ते वरच्या फळीवर जाऊन झोपले. मनात मी मोठ्या फांदीला दोर बांधूनही टाकला होता.

नंदुरबारला सकाळी उतरलो. आमचे नेहमीचे टांगेवाले चाचा स्टेशनवर होते. एरवी गावची सगळी खबर टांगा सुटायच्या आत सांगणारा माणूस, पण आज घोड्याशीच बोलत होता. स्टेशनचा रस्ता सोडून ते मागच्या गल्लीने घेऊ लागले तेव्हा मी हटकलं. ते नुसते म्हणाले, “बाई, त्या बाजूने नको.” मी म्हटलं, त्याच बाजूने.

जागा उघडीबोडकी पडली होती. मधोमध ताजा बुंधा, पांढराफटक. एका कडेला फांद्यांचा ढीग होता, आणि मोठी फांदी सगळ्यात वर. वर्षानुवर्षं दोर घासून तिच्यावर पडलेले दोन खोल वळ मला टांग्यातून दिसले. मी टांग्यातून उतरले आणि त्या वळावर हात ठेवून उभी राहिले. मला रडू आलं, आणि रडू आल्याचाच जास्त राग आला.

तशीच, प्रवासाच्या मळक्या लुगड्यानिशी, रावसाहेबांच्या ओटीवर गेले. ते चहा घेत होते. पुण्यात काय ठरलं ते मी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, आणि माझं कौतुकच करतोय अशा सुरात म्हणाले, “वकिलीणबाई, तुम्ही गावात असता तर खरंच विळी घेऊन बसला असता. म्हणून तर तुम्हाला पाठवलं.”

माझी गाडी सुटली त्याच्या दुसऱ्याच दिवशी कुऱ्हाडी आल्या होत्या. डॉक्टरांना ठाऊक होतं, हेडमास्तरांना ठाऊक होतं, शेटजींनी माणसं दिली होती. माझ्यासाठी टाळ्या वाजवणारे हेच हात.

हिरवळीचं काय झालं ते सांगायला नकोच. चैत्रात ती पिवळी पडली, पुढे विहीरही आटली, तरी रावसाहेब संध्याकाळी त्या जळक्या गवतावर खुर्ची टाकून बसत. मी मंडळ सोडलं होतं. पण त्यांना काय काय सुनवायचं ते रोज पोळ्या लाटताना मनात घोकत होते.

अखाजी आली. माझी मुलगी आली, रावसाहेबांचीही आली. तिचंही लग्न त्याच साली झालं होतं, तिचीही पहिलीच अखाजी. लिंब गेल्याचं दोघींना कळलं होतं, तरी संध्याकाळी सगळ्या मुली दोर खांद्यावर टाकून सवयीने त्याच जागेकडे निघाल्या. आज रावसाहेबांना सुनवायचंच, असं ठरवून मी त्यांच्या मागोमाग गेले. ते खुर्चीवर होते, भोवती मंडळ होतं. त्यांची मुलगी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

“आबा, झोका आते कोठे बांधूत?”

रावसाहेब घसा खाकरून म्हणाले, यंदा घरातच कडीपाटाला बांधा, सावलीही आहे.

“घरमा?” ती म्हणाली. “सासरी ते घरमाच ऱ्हास मी, आबा.”

सासरी मी घरातच तर राहते: एवढ्या एका वाक्यात माझं घोकलेलं सगळं आलं होतं. मुली तिथेच बुंध्याभोवती बसल्या, दोर मांडीवर घेऊन, आणि माझ्या मुलीने गाणं धरलं. त्या वर्षी गाण्यात सासूचं नाव कुणी घेतलं नाही. सगळ्या कडव्यांत बाप होता. रावसाहेबांना उठून जाता येईना, कारण अखाजीला मुलींचं गाणं मधे तोडत नाहीत.